काचवाले मामू आणि माळावरचं विमान

खानावळीत जेवायला जाताना काचवाले मामू घरचं ताट आणि पेला बरोबर नेत. फडक्यात बांधलेलं ताट काखेत धरून मंगळवार पेठेतून सावकाश चालणारा तो उंच, वाळका माणूस आमच्या गल्लीत सर्वांच्या ओळखीचा होता. त्यांचं फोटोचं दुकान होतं आणि फोटो तेव्हा काचेवर काढत, म्हणून ते काचवाले. कोल्हापुरात महाराजांच्या कारकिर्दीतली शेवटची वर्षं होती ती. मी छापखान्यात खिळे जुळवायचो आणि मामूंच्या शेजारच्या खोलीत राहायचो.

मामूंना क्षय झाला होता. डॉक्टरांनी हवापालट करायला सांगितलं, तर म्हणाले, "करतो की. रोज दोन्ही खिडक्या उघडतो." आजाराबद्दल याहून जास्त ते बोलत नसत. सकाळी दूध, दोन अंडी, मग उन्हात खुर्ची. गिऱ्हाईक आलं तर एखादा फोटो. बुधवारी मात्र बाहेर जेवण, आणि सोबतीला मी. एकदा नव्या खानावळवाल्यानं त्यांचं ताट बघून विचारलं, "पावणं, आमची ताटं वंगाळ हायत व्हय?"

"ताटं चांगली हायत. माझी छाती वंगाळ हाय," मामू म्हणाले आणि भिंतीकडेला जाऊन बसले. मटणाचे दोन तुकडे जेमतेम खात, रस्सा मात्र पुन्हा मागून घेत.

त्याच हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर विमान आलं. ते दोन दिवस घिरट्या घालून दाखवणार होतं. मामींनी मामूंना जाऊ नका म्हणून सांगून पाहिलं. मामू ऐकेनात, तेव्हा त्यांनीच टांगा बोलावला आणि मला बरोबर धाडलं. माळावर जत्रेसारखी गर्दी होती. मामूंनी तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा चढवला, आभाळाच्या एका तुकड्यावर रोखला आणि फोटो टिपायला दाबायचा, नळीच्या टोकाचा रबरी फुगा मुठीत धरून उभे राहिले. काचा दोनच उरल्या होत्या.

विमान डोक्यावर आलं आणि नेमका त्यांना खोकला आला. नळीला हिसका बसून कॅमेरा हलला. पहिली काच वाया गेली. दुसरी काच घालून मामूंनी फुगा माझ्या हातात दिला.

"मला जमायचं न्हाय मामू," मी म्हणालो.

"मलाबी जमंना झालंय. पंख त्या झाडाच्या शेंड्यावर आला की दाब. घाई करू नको."

एवढं सांगून ते तोंडावर रुमाल धरून लांब बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. विमानाकडे त्यांनी पाठ केली होती. पंख शेंड्यावर आला तेव्हा मी फुगा दाबला.

फोटो चांगला आला. मामूंनी तो दुकानाच्या दर्शनी भागात लावला आणि खाली शाईनं माझं नाव लिहिलं. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "मी बाभळीखाली हुतो. तू हितं हुतास." बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. छापखान्यातले लोक मला विमानवाला म्हणू लागले. मला त्याचा संकोच वाटे, आणि आनंदही होई.

उन्हाळ्यात मामूंना मिरजेच्या दवाखान्यात हलवलं. मी रविवारच्या गाडीनं जायचो. आम्ही दोघं तंबूतला एकही सिनेमा सोडत नसू, त्यामुळे गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असे, "ह्या आठवड्याला काय लागलंय?" मग मी पाहिलेली गोष्ट पहिल्यापासून सांगायची. ते डोळे मिटून ऐकत. मध्येच विचारत, "घोडा पांढरा हुता का काळा?"

एका रविवारी ते फार थकलेले दिसले. तरी गोष्ट सांग म्हणाले. नायिका नदीकाठी पोचेपर्यंत सांगून झालं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"शेवट सांगू नको. बरा झालो की येऊन बघतो."

पलीकडे मामी चादर झटकत होत्या. त्या झटकतच राहिल्या. तो तंबू चार दिवसांपूर्वीच कोल्हापुरातून हलला होता. मी "बरं" म्हणालो.

आठवड्यानं मामी एकट्याच परत आल्या.