साडूंचा बिनतारी फोन

कुलूप या वस्तूवर माझ्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ठाण्यात वर्तकनगरला त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला तीन कड्या, एक साखळी आणि दोन कुलपं होती. स्कूटरला कुलूप, गच्चीतल्या टाकीच्या झाकणाला कुलूप. टेलिफोन आला तेव्हा त्यांनी त्याच्या तबकडीलाही एक इवलंसं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यात अडकवली. एकदा आमचे सासरे दुपारी झोपले असताना हे सवयीने बाहेरून कुलूप लावून बँकेत गेले. सासरे जागे झाले आणि खिडकीत बसून दोन तास येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ओळखी करून घेत राहिले. "चोर आला असता तर?" एवढंच साडूंचं म्हणणं होतं.

मग नव्वदीच्या मध्याला कधीतरी त्यांच्या पुतण्याने दुबईहून कॉर्डलेस फोन आणला. साडूंना तो हातात घेऊन घरभर फिरायला आवडायचं. पण आठवडाभरातच त्यात एक बाई बोलू लागली. साडू डोंबिवलीला मला फोन लावत आणि मध्येच ऐकू येई, "बोंबील सुके आनलेस का गं?" समोरच्या इमारतीत कुणाकडे तरी तसाच फोन होता आणि दोन्हींच्या लहरी एकमेकींत मिसळत होत्या. साडू हादरले. हवेला कुलूप लावायचं कुठे? त्यांनी फोनचं मशीन लोखंडी कपाटात ठेवून पाहिलं, तर घंटाच ऐकू येईना. शेवटी ते सांकेतिक भाषेत बोलू लागले. एका सकाळी मला म्हणाले, "साडूभाऊ, घरातल्या मशीनचं सर्व्हिसिंग करावं लागेलसं दिसतंय. पण मशीन तयार नाही." मी त्यांना शिलाई मशीनवाल्याचा पत्ता दिला.

खरी गोष्ट अशी होती की ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ताई अडून बसल्या होत्या. "जे व्हायचं ते होऊ दे, मी कापून घेणार नाही." पंधरा दिवस हेच चाललं होतं. आम्हाला कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एके दिवशी साडू फोन घेऊन न्हाणीघरात गेले, दार लावलं आणि डॉक्टरांशी प्रथमच सरळ बोलले. "छातीतल्या गाठीच्या ऑपरेशनचं ती ऐकतच नाही हो. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. साडूंनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. बाहेर साठीची एक ठेंगणी बाई उभी होती.

"कोण पाहिजे?"

"तुमच्या फोनवर येते ना, ती मी. समोरची."

"म्हणजे तुम्ही आमचं बोलणं ऐकता?"

"कानावर येतं, त्याला मी काय करू भाऊ? दार उघडा."

साडूंनी दार उघडलं. अनोळखी माणसासाठी पहिल्यांदाच, असं ताई सांगतात. ती बाळकुमच्या कोळीवाड्यातली, मुलाने समोर घर घेतलं म्हणून इथे आलेली. सरळ आत जाऊन ती ताईंच्या शेजारी पलंगावर बसली. "माझं पन झालंय ते आपरेशन, बाय. आठ वर्सं झाली. हाय ना मी उभी?" मग तिने साडूंना बाहेर बसायला सांगून आतून कडी लावली. तासाभराने ताई बाहेर आल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, "डॉक्टरांकडून तारीख घ्या."

ऑपरेशन नीट झालं. ताई घरी आल्यावर फोन दुरुस्त करणारा आला आणि म्हणाला, "काका, मशीनच्या खाली खटका आहे. फिरवला की चॅनल बदलतो, मग कुणी मध्ये येणार नाही." साडू म्हणाले, "राहू दे." त्यानंतर मध्येच आवाज आला की ते म्हणत, "तुम्ही बोलून घ्या आधी, मावशी." तीही पलीकडून ताईंची चौकशी करून घेई.

दोनेक वर्षांनी मावशींच्या मुलाची बदली झाली आणि ती त्याच्याबरोबर नाशिकला गेली. त्या आठवड्यात साडूंचा फोन आला. "आता आवाज एकदम साफ येतो, साडूभाऊ. खरखर नाही, काही नाही." मग ते गप्प झाले. मला वाटलं, लाइन तुटली. मी दोनदा हॅलो म्हटलं, तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "आहे, आहे. जरा ऐकत होतो."