दीड तासाचे आभार

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात, आणि मी तर म्हणते अख्ख्या जगात, माझ्या आत्याच्या सासऱ्यांनी मानले तेवढे आभार दुसऱ्या कोणी मानलेले नाहीत. शक्यच नाही हो! माणूस थकतो. आमचे आबाजी थकत नाहीत. आयुष्यभर वडनेरकडच्या आपल्या गावात कोतवाल होते, दवंडी द्यायचे, त्यामुळे आवाज असा की त्यांनी घरात चहा मागितला तर शेजारच्या तीन घरांत आधण चढावं. मग रिटायर झाले, मोबाइल आले, ग्रामपंचायतीचा ग्रुप निघाला, दवंडी संपली, आणि एवढा मोठा आवाज रिकामा पडला. तो त्यांनी आभाराला लावला.

म्हणजे कसं, की बस थांबली की ड्रायव्हरचे आभार. लाइन गेली नाही तर लाइनमनचे आभार. दवाखान्यात सुई टोचली की, "दुखलं, पण मनापासून देल्ली बाई तुनं!" माझ्या आतेबहिणीच्या लग्नात तर जेवणं सुरू व्हायच्या आधीच माईक घेतला आणि म्हणाले, "नवरदेवाच्या मामानं पंगतीत भांडण काढलं नाई, त्याबद्दल त्यायचे विशेष आभार!" ते मामा तेव्हा बाह्या सरसावून नुकतेच उठत होते. बसले बिचारे. गुलाबजाम खाल्ले आणि गेले.

पण ही सगळी नेट प्रॅक्टिस. खरी मॅच म्हणजे गावचा शेती मेळावा. दरवर्षी तूर निघाली की तीन दिवस असतो आणि मी तो बघते तेव्हा दरवर्षी माझं तोंड उघडंच राहतं. ना कोणी मोठी कंपनी मागे, ना कोणी पुढारी. एक जण बांबू देतो, एक जण ताडपत्री, कोणी गावरान बियाणं मांडतं, कोणी काखेत मावत नाही एवढं कोहळं घेऊन येतं, बुद्धविहारातल्या बाया गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे रोडगे थापतात, भजनी मंडळाचे बुवा वांग्याच्या भाजीचा गंज ढवळतात, एकीकडे फवारणीचा ड्रोन उडतो आणि दुसरीकडे म्हातारे त्याच्याकडे बघत "पडते बे, पडते!" करत बसतात. हजारो माणूस जेवून जातं! आणि शेवटी आबाजींचे आभार. दीड तास. हातात चिटोरा नाही.

दुसरीकडे आभार सुरू झाले की लोक चपला शोधतात. इथे घरी गेलेले लोक परत येतात! कारण आबाजी नाव घेतात आणि काय दिलं ते जसंच्या तसं सांगतात. "सतरंज्या दोन. एक उंदरानं खाल्लेली. तरी देल्ली, घरात ठेवली नाई. आभार!" नाव आलं की माणसानं जागेवर उठायचं, हात जोडायचे, टाळ्या घ्यायच्या आणि बसायचं, असा रिवाज. आणि ज्यांनी काही दिलेलं नसतं त्यांचेही मानतात, आगाऊ! हिंगणघाटच्या एका हार्डवेअरवाल्याला मागे म्हणाले, "पुढच्या वर्षी पाण्याच्या चार टाक्या देणार हायेत, त्याबद्दल!" तो माणूस नुसता रोडगे खायला आलेला. पुढच्या वर्षी टाक्या आल्या. पाच.

तर अशा माणसाकडून एकदा, फक्त एकदा, चूक झाली.

सात वर्षांपूर्वी मेळाव्याला पाणी वाहायला गावातल्या श्रावणभाऊंनी आपली बैलजोडी दिली होती, तीन दिवस स्वतः बंडी हाकली होती. एका बैलाचं नाव राजा, दुसऱ्याचं वकील, कारण तो दहा मिनिटं हुज्जत घातल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. शेवटच्या दिवशी आबाजी म्हणाले, "आन् राजा-वकिलाचे लाख लाख आभार!" मैदान टाळ्यांनी फुटलं. आबाजी पुढच्या नावावर गेले. श्रावणभाऊंचं नाव घेतलंच नाही. तेव्हापासून श्रावणभाऊ मेळाव्याला आले नाहीत, आणि लहानपणापासूनचे हे दोघं दोस्त एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि या वर्षी काय व्हावं? नेहमीचं मैदान रस्त्याच्या कामात गेलं. गावाला लागून, तूर निघालेलं, विहिरीला मोटर असलेलं एकच वावर उरलं. श्रावणभाऊंचं! ते नाही म्हणाले तर मेळावा नाही. सगळे म्हणाले, आबाजी, तुम्हीच जा. आबाजी चार दिवस गेलेच नाहीत. जेवण कमी झालं, आभार तर पार बंद. आत्या घाबरली हो, पोळी वाढली तरी माणूस गप्प! शेवटी मीच त्यांना आत्याच्या स्कूटीवर मागे बसवलं आणि नेलं.

श्रावणभाऊ अंगणात तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या बांधत होते. मान वर केली नाही. आबाजी उभे. मग एकदाचे म्हणाले, "श्रावण, त्या वर्षी बैलाचं नाव घेतलं. तुहं राह्यलं."

"राह्यलं म्हणते! म्या हात जोडून अर्धा उठलो होतो, आन् तू पुढं गेला. अर्धा उठलेला माणूस खाली कसा बसते, तुले मालूम हाये का?"

"मले वाटलं, बैल म्हटलं का तू आलाच त्याच्यात."

"काऊन? मी काय बैल हावो काय बे?"

मला हसू आवरेना. दोघांनी मिळून माझ्याकडे असं बघितलं! आतून श्रावणभाऊंच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "हसू नको वं माय! सात वर्ष झाले, म्याबी दाबून ठेवलं हाये."

श्रावणभाऊंनी पेंढीची गाठ आवळली. म्हणाले, "वावर घ्या. गावाले मी कायले नाई म्हणीन? तूच विचाराले येत नव्हता. पण आभाराच्या टायमाले मी येणार नाई. पुन्हा तसं बसणं आपल्याच्यानं होत नाई."

मेळावा झाला. आणि काय झाला! मी शब्दच शोधून राह्यली. एवढी गर्दी मी त्या गावात जन्मात पाहिली नव्हती. रोडगे दोनदा संपले, बायांनी तिसऱ्यांदा कणीक भिजवली, एक आजी ड्रोनला कुंकू लावून आली, बियाण्यांसमोर पोरी वह्या घेऊन नावं लिहीत बसल्या. श्रावणभाऊंची मोटर तीन दिवस चालू होती. श्रावणभाऊ मात्र दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ऊन कललं आणि आबाजी माईकपुढे आले. लोक मांडी ठोकून बसले, दीड तासाच्या तयारीने. आबाजींनी बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. मग त्यांना दिसलं. एकदम मागे, विहिरीजवळ, मोटरच्या खोलीला टेकून श्रावणभाऊ उभे होते. बसलेच नव्हते.

"श्रावण," आबाजी म्हणाले.

बस्स. पुढे आवाज आलाच नाही. गावभर पुरणारा तो आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. त्यांनी नुसते हात जोडले. सगळं मैदान मागे वळलं. श्रावणभाऊ थांबत थांबत पाच-सहा पावलं पुढे आले, त्यांनीही हात जोडले, आणि दोघं तसेच. टाळी वाजवायचंही कोणाला सुचेना. मग आबाजी खाली बसले. झाले आभार! बांबू राहिले, ताडपत्री राहिली, रोडगे राहिले. हार्डवेअरवाले हळूच म्हणाले, "आपल्या टाक्या?" तर त्यांची बायको म्हणाली, "चुप बसा ना जी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ध्याला निघाले. बस त्या वावराजवळून गेली तेव्हा मंडप उतरला होता, आणि अर्ध्या वावरात वखरही फिरून झाला होता. तीन दिवस हजारो पावलं पडली होती तिथे काळी माती वर आली होती, जणू काही झालंच नव्हतं. बांधावर आबाजी आणि श्रावणभाऊ बसले होते, एकमेकांना टेकून नाही, हातभर अंतर ठेवून, आणि दोघंही वखराकडे बघत होते. मला खिडकीतून हाक मारायची होती. मी नुसते हात जोडले.