चालत्या गाडीचे दार

दुसऱ्या माणसाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि लेखणीही निवृत्तीनंतरच हाती धरली आहे. तेव्हा आगाऊपणाची क्षमा असावी.

उरणचे आमचे मेकॅनिक माझ्या जुन्या, छोट्या इटालियन गाडीचा पत्रा बोटाच्या पेराने वाजवतात आणि कान लावून गंज कुठवर पोचला ते ऐकतात. खाऱ्या वाऱ्याला ते ‘आमचा जावई’ म्हणतात. कितीही करा, रुसतोच. अगदी तशीच एक गाडी ते वर्षानुवर्षे स्वतःसाठी दुरुस्त करत आहेत. तिच्यातून बायकोला पालीच्या गणपतीला न्यायचे, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितले आहे.

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचे दार खालून पार कुजले. तसे दार आता कुठेच मिळत नाही. तरीही चार दिवसांत त्यांनी सुबक दार बसवून दिले. मी आनंदाने मागे वळले, तर त्यांच्या गाडीला दाराच्या जागी गोणपाट लटकत होते.

“अहो, हे तर तुमचे दार!”

“मंग? माझी उभी हाय, बाई. तुमची चालती हाय. गोणपाट लावून तुम्ही बाजारात गेल्या, तर लोक मला हसतील.”

दार परत करावे तर त्यांचा अपमान होतो, ठेवावे तर त्यांची गाडी रस्त्यावर येत नाही. तुम्ही काय केले असते?