इंजिन खोलण्यापूर्वी

गाडीपेक्षा गाडीच्या मालकाला जास्त तपासणारा मिस्त्री अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. नागापूरच्या कारखान्यात हयात घालवून ते आता केडगावला घरीच असतात. पण कुणाची गाडी अडली की ती त्यांच्या अंगणात येते. आल्यावर बॉनेट उघडायचं नावच नाही. आधी मालकाला खाटेवर बसवून उलटतपासणी. गाडी पहिल्यांदा कधी रुसली, चढावर की सपाटीला, गार असताना की तापल्यावर, आणि त्या दिवशी घरात भांडण झालं होतं का? एक डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "मीसुद्धा पेशंटला इतकं विचारत नाही हो!" मामा शांतपणे म्हणाले, "इचारत जा." गाडीत बसताना ते देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढतात. एकदा कुणाची तरी गाडी चालवून बघण्याच्या नादात ते थेट घोगरगावापर्यंत गेले आणि चहाच्या टपरीवर अनवाणी उतरले.

गेल्या वर्षी माझ्यावर त्या खाटेवर बसायची पाळी आली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात ठरलं होतं आणि चारच दिवस उरले होते. गाडीचा मात्र चालता चालता दम जायचा. पाय पूर्ण दाबला तरी काटा चाळिसाच्या वर सरकेना, मागून ट्रकवाले हॉर्न मारत. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, दोन आठवडे तरी जातील. परक्या गाडीत बसायला आई तयार नव्हती. म्हणाली, "राहू दे रे. एका डोळ्यानं दिसतंय की मला." ते ऐकवेना, म्हणून मी रखडत रखडत गाडी मामांकडे आणली.

माझी तासभर चौकशी केल्यावर मामांनी चष्म्याच्या घरातून एक छोटं यंत्र काढलं, ते गाडीला जोडलं आणि फोन माझ्या हातात दिला. तीन सेन्सर एकदमच बिघडल्याचं फोन सांगत होता.

"तिघं एकाच दिवशी बिघडत न्हाईत, जावईबापू," मामा म्हणाले. "तिघांना वीज येती एकाच तारंवरनं. एकजण बिघडलाय, त्यो बाकीच्यांना खोटं बोलायला लावतोय. मी एकेकाची पिन काढून परत लावतो, तुमी आकडे वाचा."

पहिल्याची पिन काढली, आकडे तसेच. दुसऱ्याची काढली, तसेच. तिसऱ्याची काढली आणि उरलेल्या दोघांचे आकडे एकदम ताळ्यावर आले. बोटाएवढा तो सेन्सर बदलला आणि पुणे रस्त्याच्या चढावर गाडी पूर्वीसारखी पळाली. "इंजिन धडधाकट हुतं," मामा म्हणाले, "त्याला खबर चुकीची मिळत हुती."

मी गॅरेजवाल्याला शिव्या घालायला लागलो, तशी मामांनी हात वर केला. "त्याला बोलू नका. मी सोता खोललंय असं एक."

कारखान्यात लागण्याआधी, नवे मिस्त्री असताना त्यांनी मिरजगावच्या एका कापड दुकानदाराच्या जीपचं इंजिन, काही न विचारता, खोललं होतं. दोष निघाला डिझेलच्या चेपलेल्या नळीत. पण इंजिन पुन्हा नीट बसलंच नाही. जीप विकावी लागली, आणि तिच्यातून तुळजापूरला जायची दुकानदाराच्या आईची इच्छा राहून गेली. "लई वर्सं झाली," मामा म्हणाले, "पर कुनी गाडी आनली की ती म्हातारी डोळ्यांपुढं येती."

आईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. महिन्याभरानं मामा आपणहून म्हणाले, "मिरजगावला न्याल का?"

दुकानदार आता पार थकले होते, पण दुकानातच बसलेले सापडले. मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हात जोडले. दुकानदारांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"जीप होती खरी," ते म्हणाले. "पण इंजिनाचं काही ध्यानात नाही बुवा. आणि आई तर पुढं तुळजापूरला जाऊन आली, पाहुण्यांच्या गाडीतून. तुम्ही बसा, चहा घ्या."

आम्ही चहा घेतला. परतताना मामा खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटत असेल. केडगाव जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "म्हातारी गेली हुती म्हनं तुळजापूरला."

"हो ना, मामा. बरंच झालं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "कुनी सांगितलंच न्हाई मला."