व्हर्नाचा आवाज

व्हर्ना डालक्विस्टला गप्प बसवणं वायोमिंगमधल्या आमच्या गावात कुणालाच जमलं नाही. ना नवऱ्याला, ना पाद्रीबाबांना. आणि या बाईने उभी हयात काढली ती मात्र जिथे चकार शब्द काढायचा नाही, अशा नोकरीत.

गावाबाहेर फेरेट-केंद्र होतं. मुंगसाच्या चणीचं, डोळ्यांवर काळी पट्टी नि काळ्या पायांचं हे जनावर माळावरून जवळजवळ पुसलं गेलं होतं. उरलेल्यांची पिंजऱ्यात वीण वाढवायची आणि पिल्लं परत माळावर सोडायची, हे केंद्राचं काम. आत जायचं ते आंघोळ करून, धुतलेले कपडे चढवून, तोंडाला मास्क बांधून. कुणी शिंकलं तरी त्याला घरी पिटाळत, कारण माणसाचं पडसं त्यांच्या जिवावर उठायचं. आत बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही, प्रत्येकाला फक्त नंबर. माणूस दिसला की अंगावर किरकिरत धावेल तो जीव खरा, अशी तिथली पारख.

"दिवसभर साठवलेलं सगळं संध्याकाळी माझ्या डोक्यावर ओतते," नवरा कर्ट कुरकुरायचा. गावातले लोक वेगळंच चिडवायचे. फेरेट जगतं प्रेअरी डॉगवर, म्हणजे बिळात राहून गवत फस्त करणाऱ्या, खारीच्या जातीच्या प्राण्यावर, आणि व्हर्नाच्या बापाने गुरांच्या चाऱ्यापायी जन्मभर त्या बिळांत विष घातलेलं. "बापाने ताट ओढलं, लेक भरवत बसलीय," म्हणायचे. व्हर्ना सगळ्यांत मोठ्याने हसायची. काय दिवस होते ते! तो उग्र वास, पत्र्यावर आपटणारा वारा आणि आवाज न करता चालायची ती सवय व्हर्नाला आजही आठवते.

एका वसंतात एक मादी विऊन मेली. मागे एकच पिल्लू उरलं, डोळेही न उघडलेलं. व्हर्ना त्याला वेगळ्या खोलीत ड्रॉपरने दूध पाजू लागली आणि तिथे तिचं तोंड सुटलं. कर्टचं घोरणं, शेजारणीचा करपलेला केक, सगळं त्या मुठीएवढ्या जिवाला सांगून झालं. नाव ठेवलं पिप. उन्हाळ्यात पिप तिचा आवाज ऐकून दारात येऊन उभी राहू लागली.

केंद्राचे मुख्य ग्लेन ऑस्टबी यांनी ते पाहिलं.

"हिला कशी सोडू, व्हर्ना? माणूस बोलला की ही बिळाबाहेर येणार. उद्या कुणाचं कुत्रं आलं, बिळं उकरून खाणारा बिज्जू आला, तरी तशीच येईल. ही पिंजऱ्यातच राहील."

"माझ्या चुकीची शिक्षा तिला?"

"मग तूच तिची सवय मोड. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

मोकळ्या कुंपणात खरी बिळं होती, शिकारीला प्रेअरी डॉगही होते. तिथे पिपला सोडलं. पेंढा भरलेला बिज्जू दोरीने ओढत व्हर्ना कुंपणात शिरायची आणि बाप बैलांवर ओरडायचा तशी ओरडायची, "मर मेले! हो आत!" पहिल्या दिवशी पिप धावत आली आणि तिच्या बुटाशी उभी राहिली. व्हर्नाने तिच्यावर बिज्जू ढकलला. घरी येऊन ती इतकी रडली, की कर्टने न सांगता स्वयंपाक केला.

ती रोज गेली. शिव्या संपल्या तेव्हा बापाच्या उसन्या घेतल्या. पानगळीच्या तोंडाशी एका सकाळी तिने हाक मारली आणि बिळातून काही बाहेर आलं नाही. बिळाच्या तोंडाशी पिपने रात्री मारलेल्या प्रेअरी डॉगचे केस तेवढे पडले होते. ग्लेन म्हणाले, "झालं." व्हर्ना हसली आणि बिज्जूची दोरी गुंडाळू लागली.

पिपला वेड कॉर्बिन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात वेड कॉफी प्यायला आला तो सांगतच. "तुझी ती मादी पिल्लं घेऊन फिरतेय. मी नुसता खाकरलो, सगळी गडप."

"पिल्लं?" व्हर्नाने कप खाली ठेवला.

"चल की, दाखवतो. तुला तरी ओळखेल."

"तीच तर भीती आहे."

वेडच्या रानाला लागून जाणारा रस्ता तिच्या बहिणीकडे जायला जवळचा. त्या दिवसापासून व्हर्ना टेकडीमागून वळसा घालून जाऊ लागली, कारण गाडीत तिचं तोंड मिटत नाही आणि काचा तिला बंद आवडत नाहीत. कर्टने पेट्रोलवरून पुष्कळ कटकट केली. मग तोही त्याच वाटेने गाडी घालू लागला.

फेरेट जगून जगून जगणार किती? पिप केव्हाच मातीला मिळाली असेल, हे व्हर्नालाही कळतं. कर्टही आता नाही. बहिणीकडे जाताना म्हातारी एकटीच गाडी चालवते, एकटीच बोलते आणि अजूनही टेकडीमागूनच जाते.