कोळवणच्या केबलमधला सरकता फॉल्ट

आधीच सांगते, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई आहे. नवस, उतारे, बाहेरचं... आमच्या घरात यातलं कधी काही नव्हतं. कुणी असले किस्से काढले की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. तरी आज लिहितेय, कारण हे मनात ठेवून आता झोप लागत नाही.

मी आणि माझा नवरा महेश जांब्याला भाड्याने राहतो. जमिनीत पुरलेल्या केबल दुरुस्त करायची कामं दोघं मिळून घेतो. माझ्याकडे टीडीआर असतो – हातात मावेल एवढं मीटर. ते तारेत पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा ठोका, सोडतं. तार जिथे बिघडली असेल तिथून ती पल्स माघारी येते, आणि बिघाड किती लांब आहे ते स्क्रीनवर दिसतं. तार तुटली असेल तर रेषा वर उठते, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर खाली खळगा पडतो. मी अंतर सांगायचं आणि महेशने खणायचं, अशी आमची वाटणी.

गेल्या वर्षी भातकापणी झाल्यावर कोळवणजवळच्या एका फार्महाऊसचं काम आलं. गेटपासून बंगल्यापर्यंतचा इंटरकॉम बंद होता. मालक पुण्यात, बंगल्याला कुलूप. आम्ही सकाळीच बंगल्याच्या बाहेरच्या डबीतून तारा सोडवून मोकळ्या ठेवल्या. तिकडे कुणी नव्हतं, आणि केबलमध्ये करंटही नव्हता. हे नीट लक्षात घ्या.

मी गेटच्या डबीतल्या तारांना क्लिपा लावून मीटर जोडलं. साधारण अर्ध्या वाटेवर खळगा दिसला. महेशने तिथे खणलं तर जुना जोड पाण्याने कुजलेला. त्याने तो कापून नवा जोड दिला आणि लांबूनच ओरडला, "बघ गं, झालं का?"

मी पाहिलं. खळगा गेला होता. रेषा शेवटपर्यंत साफ. मी हात वर करणार, तेवढ्यात बंगल्याच्या टोकाला नवा खळगा उमटला.

आणि तो सरकला.

मला वाटलं, क्लिपा ढिल्या असतील. दाबून पाहिल्या. खळगा आणखी अलीकडे. बिघाड जागचा हलत नाही हो... अशी इतकी वर्षं कामं केलीत, कधीच नाही. हा मात्र कुणी चालत यावं तसा सावकाश येत होता. थांबायचा, पुन्हा निघायचा.

मधे महेश खड्ड्यात बसलेला, केबल हातात.

मी फोन लावला, तर तो माझ्या शेजारीच, बाईकच्या डिकीत वाजला. मी किंचाळले, "अहो, सोडा ती केबल!"

"काय? वडू?" त्याला 'ओढा' ऐकू आलं, आणि त्याने ती आणखी घट्ट धरली.

खळगा त्याच्या जागेपाशी आला आणि थांबला.

मी मीटर तिथेच टाकून धावत सुटले. खाचरात एक धनगर मावशी शेरडं चारत होत्या. त्यांची सगळी शेरडं एका सरळ रेषेत अडून उभी होती – बरोबर जिथून खालून केबल जाते तिथे, जमिनीवर तिची काहीएक खूण नसताना. "चल की गं!" म्हणत त्या काठी आपटत होत्या, पण एक शेरडू पाय उचलेना.

महेश घामाने भिजला होता. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हता. मुठी सुटेनात. मावशी काठी टाकून खड्ड्यात उतरल्या. "बोटं उकल त्येची, येकेक उकल!" आम्ही दोघींनी एकेक बोट सोडवलं. त्याचे हात बर्फासारखे गार होते, वर ऊन कडक असताना.

हात चोळत तो म्हणाला, "पल्याडनं कुनीतरी हात धरला हुता."

"अहो, शॉक बसला असेल," मी उगाचच म्हणाले.

"शॉक मला ठावं हाय. ह्ये माझी बोटं चाचपत हुतं, वैशाली. येकेक करून. म्हंजी वळखतंय का, आसं."

मावशींनी काठी उचलली. शेरडं वळवून आल्या वाटेने निघून गेल्या.

आम्ही गेटकडे आलो. मीटर चालूच होतं. खळगा आता स्क्रीनच्या अगदी सुरुवातीला होता... म्हणजे माझ्या क्लिपा जिथे तारांना लावल्या होत्या तिथे. मी हात पुढे केला, तर महेशने माझं मनगट धरून मागे ओढलं. "न्हाई. त्येला हात लावू नगंस." त्याने क्लिपांची वायर मीटरकडच्या बाजूने उपटली आणि आम्ही निघालो.

मीटर तपासून घेतलं, त्यात दोष नाही. महेशचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. मालकांना सांगितलं, नवीन केबल वरून टाका. का ते सांगितलं नाही. ओळखीच्या एका सिनिअर इंजिनिअरना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची बघण्यात चूक झाली असेल." असेलही. पण महेशने त्या दिवसापासून केबलला हात लावलेला नाही. आता खड्डा मी खणते आणि स्क्रीन तो बघतो... आणि मी खाली वाकले की तो माझं नाव घेत राहतो, मी ओ देईपर्यंत.

माझ्या दोन्ही क्लिपा अजून गेटच्या त्या डबीतच आहेत. आणायला आम्ही गेलेलो नाही.