आयलीच्या गळ्यातला जळका प्लग

आयली हाउताला दारावर बोटांनी टकटक करत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकते, आणि मी "ये" म्हणेपर्यंत अर्धी आत आलेली असते. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला चांगलीच झापली होती.

"दार काय फोडायला आलीस?"

"तुमचा छतावरचा पंखा रडतोय," ती म्हणाली. "माझ्या गाडीपर्यंत ऐकू येतंय. झोप लागत नाही मला दुपारची."

नाव नाही, गाव नाही, सरळ स्टुलावर चढली. पंख्यातून मूठभर वाळू काढली, तेलाचे दोन थेंब सोडले आणि खाली उतरून म्हणाली, "कॉफी आहे का?" माझा नवरा ऑर्लन कॉटवर पडल्या पडल्या हसायला लागला. त्याचं हसणं तेव्हा खोकल्यातच संपायचं. पण हसला खरा.

आम्ही नेब्रास्काचे. ऑर्लननं आयुष्यभर धान्याच्या कोठारांत काम केलं, ती धूळ छातीत घेऊनच निवृत्त झाला. मग घर विकलं आणि ही मोटारहोम घेतली. उन्हाळ्यात डोंगरात, हिवाळ्यात इथे क्वार्टझाइट गावाच्या खाली, ला पोसाच्या वाळवंटात. थंडी पडली की उत्तरेकडचे सगळे म्हातारे इथे आपापल्या चाकावरच्या घरातून येऊन टेकतात. तारा नाहीत, नळ नाहीत. वीज ज्याची त्यानं छतावरच्या पॅनेलातून काढायची आणि बॅटरीत साठवायची. मला हे आवडतं. ऑर्लनला तर इतकं आवडायचं की डॉक्टरांनी "कोरडी हवा बरी" म्हटल्यावर त्यानं ते वाक्य पाहुण्यारावळ्यांना प्रसादासारखं वाटलं होतं.

आयली मिशिगनच्या पार उत्तरेकडची, फिनलंडहून आलेल्या लोकांतली. लोखंडाच्या खाणीत तीस वर्षं विजेचं काम केलं तिनं. बायका तिथे नव्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. पुरुष तिच्या डब्यात मेलेला उंदीर ठेवायचे. तिनं तो उंदीर मुकादमाच्या टोपीत ठेवला, आणि तिथून पुढे तिचं बरं चाललं. हे सगळं तीच सांगते, आणि दर वेळी उंदीर थोडा मोठा होतो. बाई स्वतःची टिमकी वाजवायला कमी करत नाही. "माझ्यासारखी जोडणी या वाळवंटात कोणी करून दाखवा," म्हणते. आणि तिच्या स्वतःच्या गाडीत न्हाणीघरातला दिवा, मी तिला ओळखते तेव्हापासून, बंद आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. विचारलं तर म्हणते, "अंघोळ कुठे करायची ते मला पाठ आहे."

कामाचे पैसे घेत नाही. लोणी आणि बटाटे द्यायचे. त्याच्या ती पेस्ट्या करते, खाणीतल्या लोकांचं खाणं; मांस, बटाटा आणि कंद घातलेली तळहाताएवढी करंजीच, भट्टीत भाजलेली. चार दिवस पुरते, असं ऑर्लन म्हणायचा. खायलाही आणि पचायलाही.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, ऑर्लनला आता रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लागेल. मशीन विजेवर चालणार. रात्री जनरेटर लावायची इथे मनाई, आणि आमच्या जुन्या बॅटऱ्या मशीनला मध्यरात्रीपर्यंतसुद्धा पुरेनात. मशीन टी-टी करून बंद पडायचं आणि मी धडपडत ऑक्सिजनचा सिलिंडर लावायची. सिलिंडर अडीअडचणीला असतो, रोजच्याला नाही. आमचा मुलगा कर्ट ओमाहाला राहतो. तो फोनवर म्हणाला, "आई, तळघरातली खोली रंगवून घेतलीय. गाडी विका आणि या."

पोरगा चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण फोन ठेवल्यावर ऑर्लन दाराबाहेरच्या डोंगराकडे वळला. मग म्हणाला, "नेल्डा, मला तळघरात नको नेऊस. मेल्यावर घालतीलच खाली, घाई काय आहे?"

मी त्याला म्हटलं, गप्प बस. आणि तशीच चपला अडकवून आयलीकडे गेले.

ती आली, पायरीखालचा कप्पा उघडला, आणि आत डोकं घालून ओरडली, "या बॅटऱ्यांना शेवटचं पाणी कधी घातलंत?"

ऑर्लननं माझ्याकडे पाहिलं. मी ऑर्लनकडे पाहिलं.

"अस्सं," कप्प्यातून आवाज आला.

दोन दिवस ती आमच्या घरात राबली. टोकांवर फुलकोबीसारखा पांढरा-हिरवा थर चढलेल्या त्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या काढल्या, आणि त्या जागी आम्ही मागवलेल्या लिथियमच्या बसवल्या. त्यांना जुना चार्जर चालत नाही म्हणून तोही बदलला. छतावर आणखी पॅनेलं चढवली. अंगठ्याएवढ्या जाड केबली कापल्या, बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज बसवला. "केबल पेटली तर तुमचं घर पाव तासात राख. फ्यूज दूर असून काय चाटायचाय?" मग मोठा इन्व्हर्टर बसवला, आणि त्याची वीज गाडीतल्या सगळ्या सॉकेटांना जोडून दिली. केबलीच्या टोकांवरची तांब्याची टोपणं माझ्याकडून दाबून घेतली. माझे हात दुखायला लागले, मी कुरकुरले.

"दाब," ती म्हणाली. "उद्या मी मेले तर कोणाला हाक मारशील?"

"तू मरत नाहीस. यमसुद्धा तुझ्या दारावर टकटक करायला घाबरेल."

"टकटक करू दे. मला बेल आवडत नाही."

संध्याकाळ झाली की इन्व्हर्टर चालू करायचा, मशीन लावायचं, सकाळी सगळं बंद करायचं, असं ठरलं. मशीनच्या तारेला तिनं मीटर लावून बघितलं आणि सांगितलं, "दोन रात्री सहज निघतील. झोपा."

उजाडायच्या आत मशीन टी-टी करायला लागलं. बॅटऱ्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आयलीनं एकेक जोड पुन्हा आवळला, पॅनेलं पुसली, बॅटऱ्यांना मीटर लावून बघितलं. सगळं ठीक. दिवसा तर उन्हानं बॅटऱ्या काठोकाठ भरायच्या, आणि पहाटेला पुन्हा ठणठणाट. तिसऱ्या पहाटे सिलिंडरचा काटा तळाला आलेला मी पाहिला, आणि माझा धीर सुटला. मी कर्टला फोन केला, म्हटलं, आम्ही येतो. मग कपाटातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले. ऑर्लन एकेक वर्तमानपत्र मला पुढे करत होता. मला तेच सहन होईना.

दुपारी आयली पेस्ट्या घेऊन आली. गुंडाळलेली भांडी बघून तिचा चेहरा पडला. त्या बाईचा चेहरा पडलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तिघं खायला बसलो. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून ऑर्लन बोलला असावा.

"एक मात्र झालं," तो म्हणाला. "या तीन रात्री फ्रिजचा त्रास नाही. एरवी माझ्या डोक्याशी रात्रभर त्याच्या ज्योतीचं फुर्र-फुर्र चालतं. आता अगदी शांत असतो."

आयलीचा घास तोंडातच राहिला. तिनं फ्रिजकडे पाहिलं.

आमच्या फ्रिजला दोन तोंडं आहेत. गॅसच्या ज्योतीवरही थंड होतो, विजेवरही. बटण 'ऑटो'वर असलं की तोच ठरवतो: वीज मिळाली की वीज खायची, नाहीतर गॅस. विजेची सोय असलेल्या तळावर थांबलं की हे बरं पडतं. पण इथे संध्याकाळी आम्ही इन्व्हर्टर चालू करायचो, आणि फ्रिजला वाटायचं, आलो आपण तळावर, चला जेवायला. ऑर्लनच्या मशीनसाठी साठवलेली वीज हा ठोंब्या रात्रभर बसून खायचा, दुधाची एक बाटली आणि अर्धा कांदा गार ठेवायला.

आयली उठली. फ्रिजच्या दारावर वर बारीकसा हिरवा दिवा होता. तिनं त्याच्याशेजारचा शब्द मोठ्यानं वाचला. "ऑटो." मग बटण दाबून गॅसवर आणलं. मागे ज्योत पेटली, फुर्र झालं.

"हाच आवाज," ऑर्लन म्हणाला.

ती आमच्याकडे वळली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "भांडी सोड," एवढंच मला म्हणाली, आणि हत्यारं काढून पुन्हा कामाला लागली. सगळ्या सॉकेटांची जोडणी तोडली, आणि इन्व्हर्टरमधून एकच तार ऑर्लनच्या उशाशी आणली. तिथे लाल सॉकेट बसवलं. "याच्यात मशीनशिवाय काही लावलंस तर हात तोडीन," म्हणाली. फ्रिजच्या 'ऑटो' शब्दावर काळी चिकटपट्टी लावली.

आमच्याकडे रोज सूर्य कलला की सगळे आपापली खुर्ची आणि पेला घेऊन गोल करून बसतात. एक रिवाज आहे. प्रत्येकानं दिवसभरातला आपला एक गाढवपणा सांगायचा. ज्याच्यावर सगळ्यात जास्त हसू येईल त्याच्या गळ्यात जळका प्लग, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत. फ्लॉइड म्हणून आमचा एक शेजारी आहे, त्यानं एका तारेवर दोन हीटर लावले आणि प्लग मेणासारखा वितळला. तोच हा प्लग, बुटाच्या नाडीत ओवलेला. समोरच्या काचेवरचा पडदा न काढता गाडी हाकणारे, पाण्याच्या टाकीत कॉफी ओतणारे, सगळ्यांच्या गळ्यात तो पडून गेलाय. आयलीच्या गळ्यात मात्र कधीच नाही. तिला लाज वाटायची म्हणून नव्हे. तिचं म्हणणं, ती चुकतच नाही.

त्या संध्याकाळी कोणी काही बोलायच्या आत ती उभी राहिली. "आण तो इकडे," फ्लॉइडला म्हणाली.

"तू काय केलंस बुवा?"

"सगळ्या सॉकेटांना वीज दिली आणि फ्रिजचंही त्यातच आहे हे विसरले. तीन रात्री या माणसाचा श्वास फ्रिजला खाऊ घातला. खाणीत असं केलं असतं तर मला चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर आणली असती."

कोणी हसलं नाही. फ्लॉइड म्हणाला, "अगं, पण शोधलंही तूच ना."

"शोधलं ऑर्लननं. मी फक्त बटण दाबलं. घाल."

त्यानं घातला. गुपचूप दुरुस्त करून "बॅटरीच खराब होती" म्हणाली असती तर आम्हाला काय कळणार होतं?

सकाळी मला जाग आली ती कॉफीच्या वासानं. मशीन आपलं घर्र-घर्र चालू होतं. ऑर्लन नाकातल्या नळीसकट ओट्याशी उभा होता आणि दोन कप ओतत होता. म्हणाला, "बॅटरी अजून अर्ध्याच्या वर आहे. चार वेळा बघितलं मी." एवढ्यात दारावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली. आयली, गळ्यात प्लग, डोळे सुजलेले. ती काही झोपली नव्हती. मी तिच्या गळ्यात पडले, तो प्लग माझ्या छातीत रुतला, तरी सोडलं नाही. नंतर कर्टला फोन केला आणि म्हटलं, बाळा, खोली भाड्यानं दे.

त्यानंतर तीन हिवाळे ऑर्लन माझ्यासोबत होता. रोज सकाळी तोच कॉफी करायचा, दोन कप, लाल सॉकेटाशेजारी ठेवून मला हाक मारायचा. त्या तीन हिवाळ्यांचं ऋण मी कसं फेडू, मला माहीत नाही. लोणी आणि बटाटे तर देतच असते.

या फेब्रुवारीत तो गेला. दुपारी, स्वतःच्या कॉटवर, दार उघडं, समोर डोंगर. अलीकडे दिवसाही लागणारं मशीन चालूच होतं, आणि ते बंद करायला माझा हात उठेना. आयली आली. त्या दिवशी तिनं दार ठोकलं नाही. ती आत आली, वाकली, आणि बटण दाबलं. मग माझ्याशेजारी बसून राहिली.

कर्ट आला, सगळं केलं, पुन्हा त्या खोलीचं बोलला. मी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं.

काही दिवसांनी मी पुन्हा खुर्ची घेऊन गोलात गेले. सगळे अवघडले. माझी पाळी आली तेव्हा फ्लॉइड म्हणाला, "नेल्डा, तू राहू दे."

"राहू दे कशाला? केलाय गाढवपणा," मी म्हटलं. "आज सकाळी मी दोन कप कॉफी ओतली."

मग आयली उठली. फ्लॉइडच्या गळ्यातला प्लग काढला आणि माझ्या गळ्यात घातला. नाडी नीट केली.

"दुसऱ्या कपाचं काय केलंस?"

"प्यायले. टाकवेना."

"दोन्ही कप एकटीनं पिऊ नकोस," ती म्हणाली. "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दार धाडकन वाजलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं. तेव्हापासून रोज वाजतं. मी रोज दोन कप ओततेच, आणि आता त्यासाठी माझ्या गळ्यात कोणी प्लग घालत नाही.